मतदानापर्यंतचं प्लॅस्टर

उमेदवार लतिका होती, पण मनवेलपाड्याच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर तिला शोधावं लागे. मधोमध हात जोडून हसणारा नवरा गुरुदत्त, त्याच्या खांद्यामागे पक्षाचे दिनानाथभाऊ, आणि खाली कोपऱ्यात, शाळेच्या ओळखपत्रावर असतो तेवढा, तिचा फोटो. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि इतकी वर्षं भाऊंच्या मागे फिरलेल्या गुरुदत्तची पंचाईत झाली. घरी येऊन तो म्हणाला, "तुझं नाव दिलंय." पतपेढीतल्या नोकरीवर रजा टाकून लतिका उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, जिथे उभी करतील तिथे हात जोडून उभी राहिली. बोलायचं ते नवरा बोलायचा.

अर्ज भरला आणि त्याच आठवड्यात त्यांची आर्या गटारात पडली. चौथीतली पोर, क्लासवरून येत होती. गटारावरचं झाकण कधीचंच गेलेलं, आणि तक्रारी करून सोसायटी थकलेली. कोपराचं हाड मोडलं. गुरुदत्तनं तिला उचलून धावत दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर घालताना पोरीपेक्षा तोच जास्त रडला. तेवढे दोन दिवस तो बाप होता, हे लतिका आजही नाकारणार नाही.

मग दिनानाथभाऊ संत्री घेऊन आले. आजारी पोरीला भेटायला आलेला माणूस तिच्या तोंडाकडे बघतो. ह्यांनी प्लॅस्टरकडे बघितलं. खालून, वरून, बाजारात दुधी निवडावा तसं.

"वहिनी, हा हात आपल्याला सीट काढून देणार बघा."

लतिकाला किळस आली. तरी तिनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून आर्या प्रचाराला. रिक्षात पुढे बसवायची, हात लोकांना दिसेल असा ठेवायचा. मैत्रिणींनी प्लॅस्टरवर आपली नावं लिहिली होती, फुलं काढली होती. कार्यकर्त्यांनी त्यावरच जाड मार्करनं पक्षाची निशाणी काढली. एक दिवस महापालिकेचा माणूस खरंच झाकण घेऊन आला, तर भाऊंच्या पोरांनी त्याला हाकलून लावलं. मतदानापर्यंत गटार उघडंच राहू दे, असा निरोप होता. उद्या दुसऱ्याचं पोर पडलं तर? पडलं तर आणखी बरं, असलीच ह्यांची जात!

डॉक्टरांनी सोमवारी प्लॅस्टर काढायला बोलावलं होतं. काढलं की लगेच व्यायाम, उशीर केलात तर कोपर आखडेल, असं बजावलंही होतं.

"मतदान पुढच्या गुरुवारी," गुरुदत्त म्हणाला. "शुक्रवारी काढू. काय बिघडतंय?"

"अहो, हात आखडेल तिचा."

"लहान मुलांचं काही होत नाही गं. भाऊंना विचारलंय मी."

पोरीच्या हाडांचं भाऊंना विचारलंय! लतिकाच्या डोक्यात तिडीक गेली.

सोमवारी "जीवदानीच्या दर्शनाला जाऊन येते" असं सांगून तिनं आर्याला रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला. प्लॅस्टर कापलं. आत काडीसारखा हात, पापुद्रे सुटलेली कातडी, आंबूस वास. व्यायाम शिकवणारी स्टेफी म्हणून भुईगावची मुलगी होती. किती जोर द्यायचा, कुठे थांबायचं, हे तिनं नीट दाखवलं. "रोज करा हां, ताई. रडली तरी सोडू नका." मैत्रिणींची नावं आहेत म्हणून आर्यानं कापलेलं प्लॅस्टर पिशवीत घालून घरी आणलं.

तिथेच घात झाला. गुरुदत्त आधी घर डोक्यावर घेऊन ओरडला, आणि ती पिशवी दिसताच एकदम शांत झाला. त्यानं प्लॅस्टरचे दोन्ही तुकडे पोरीच्या हातावर बसवले, वरून बँडेज गुंडाळलं, गळ्यात झोळी अडकवली. "रॅलीपुरतं. आल्यावर कर तुझे व्यायाम." लतिका खूप भांडली. पण खाली ढोल वाजायला लागले होते. तो पोरीला घेऊन उतरलासुद्धा, आणि उमेदवारबाई हात जोडत मागून गेल्या. स्वतःची इतकी शिसारी तिला जन्मात आली नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी ती आर्याचा हात मांडीवर घेऊन बसली होती. कोपर जवळजवळ सरळ होत आलं होतं, शेवटी मात्र थोडं अडत होतं. तेवढ्यात बेल वाजली. तळमजल्यावरच्या प्रेमलताकाकू शिरा घेऊन आल्या होत्या.

आर्यानं हात हिसडून घेतला आणि ती आत पळाली. बाहेर आली ती प्लॅस्टर चढवून, झोळी अडकवून, मान तिरकी करून.

"काकू, खूप दुखतंय हो. आईला मत द्याल ना?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज बघून बघून आलं होतं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. लतिकानं उठून ते घाणेरडं प्लॅस्टर पोरीच्या हातावरून ओढून काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात घातलं.

"काकू, हात बरा होत आलाय हिचा. हे नाटक आहे. आमच्याच घरातलं."

"आई!" आर्या रडायला लागली. "बाबा म्हणाले, आपण हरू!"

"हरू."

काकू शिऱ्याचा डबा धरून तशाच उभ्या. "अगं, मग मत कुणाला देऊ मी?"

"मला नका देऊ," लतिका म्हणाली. उमेदवार म्हणून तिचं स्वतःचं असं हे पहिलं वाक्य होतं.

काकूंच्या देखतच ती परत खाली बसली आणि पोरीचा हात मांडीवर घेतला. हात मघाच्याच जागी येऊन अडला.

"अजून," लतिका म्हणाली.