सोबत मुलगा, वय दोन

मी नक्की कुठला, हा प्रश्न मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत पडलाच नव्हता. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. घराण्यातला मी पहिला पदवीधर. नाशिकच्या एका शाळेत शिकवत होतो. आफ्रिकेतल्या एका शाळेने बोलावलं म्हणून पासपोर्टचा अर्ज भरला आणि तिथेच अडलं. जन्मस्थान कराची. वडील तिथल्या बंदरात फिटर होते. फाळणीनंतर आम्ही बोटीने इकडे आलो. पण कधी आलो, याचा एकही कागद घरात नव्हता. "अठ्ठेचाळीसच्या जुलैच्या मुदतीआधी आलात हे दाखवा, नाहीतर तुमच्या नागरिकत्वाचाच प्रश्न येतो," कारकून म्हणाले. आफ्रिकेतली जागा महिनाअखेरपर्यंतच राखलेली. पण मला जास्त बोचलं ते हे, की ज्या देशाचा नकाशा मी मुलांना न बघता काढून दाखवायचो, त्या देशाचा मी आहे हे मला दाखवता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. वर्षापूर्वी त्यांच्या अस्थी रामकुंडात सोडताना समोर दिसले त्या गुरुजींना बसवून मी मोकळा झालो होतो. शिकलेल्या माणसाने घराण्याचे उपाध्ये शोधत फिरायचं, याची मला लाज वाटली होती. आई ते विसरली नव्हती. येवल्याहून एसटीने आली ती सांगतच, "या टायमाला आपले उपाध्ये हुडक. नायतर मी घाटावरच बसून राहीन."

घाटावर आम्ही तीन फेऱ्या मारल्या. फुलं विकणारी एक बाई ते बघत होती. "काय साहेब, देव हरवला का?"

"उपाध्ये," मी ओशाळून म्हणालो.

"मग आडनाव सांगा की, गाव सांगा!" आईने दोन्ही सांगताच तिने टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि आम्हाला बोळातल्या एका ओसरीवर नेऊन सोडलं.

म्हाताऱ्या उपाध्यांनी विचारलं, "मूळ गाव?"

"कराची."

"तिथं जन्मलात हो. गाव कुठलं?"

"येवलं," मागून आई म्हणाली.

त्यांनी यजमान घराण्यांच्या नोंदींची लांबट वही उलगडली. फाळणीनंतरच्या पहिल्या माघात वडील आजोबांच्या अस्थी घेऊन इथे आले होते. 'कराचीहून कायमचे येवल्यास आलो. सोबत आई, पत्नी व मुलगा, वय दोन.' खाली तारीख आणि वडिलांची अडखळती सही.

आईने त्या सहीवरून बोट फिरवलं. "कागदं राहिली तिकडं. पण मामंजींना नाय ठेवलं मागं."

त्या नोंदीची नक्कल आणि उपाध्यांचं प्रतिज्ञापत्र मी अर्जाला जोडलं. पासपोर्ट कचेरीतल्या साहेबांनी मूळ वही मागवून पाहिली आणि मान्य केली. का केली, मी विचारलं नाही. महिना संपायच्या तीन दिवस आधी पासपोर्ट हातात पडला. मी इथला असल्याची नोंद मी न मागताच कुणीतरी सांभाळून ठेवली होती, आणि मी वर्षभर तिच्याकडे पाठ फिरवून होतो. त्या दिवसापासून हट्टाने सगळं स्वतः सिद्ध करायची माझी सवय सैल झाली.

ऐंशीनंतर परतलो, तेव्हा पत्नीला आणि मुलीला घेऊन आधी त्या ओसरीवर गेलो. उपाध्यांच्या मुलाने वही उघडली. "आफ्रिकेहून आले. सोबत पत्नी व मुलगी, वय चार. कायमचे आले, असं लिहू?"

मी वडिलांच्या सहीकडे पाहिलं. "ते देवावर सोडा," मी म्हणालो. "आले, एवढंच लिहा."