साफ बांधी

गोंडपिपरीकडच्या त्या गावात कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रानटी धान शिरलं की केसरबाईला बोलावणं जायचं. रानटी धान दिसायला अगदी आपल्या धानासारखं. भल्याभल्यांची नजर फसते. ही बाई मात्र बांधावर उभी राहून नेमकं तेच रोप हेरायची, उपटून मालकाच्या हातात द्यायची आणि वर ‘पुढच्या साली पुन्हा पाहा’ असं सुनवायची, तेही फुकट. आपली नजर चुकत नाही असा तिचा समज होता, आणि गावानंही तो लाडानं जपला होता.

त्याच समजानं घात केला. मुलगा राजदीप आणि सून रिना, दोघांनाही चार वर्षांपासून एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत्या. गावाला पत्ता नव्हता. रिनाला सातवा महिना लागला तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आला, ‘विषाणू आढळला नाही’. केसरबाईनं निकाल देऊन टाकला.

"रक्त साफ झालं. आता काऊन खातेस गोळ्या? पोटातल्या लेकराले गरम पडते."

सासूचा शब्द मोडायची रिनाची छाती नव्हती. वीस दिवस गोळ्या डबीतच राहिल्या.

चंद्रपूरच्या दवाखान्यात समुपदेशक मंजुषा मॅडमनी उरलेल्या गोळ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. रक्त परत तपासलं. विषाणू पुन्हा वाढला होता.

"पण रक्त तं साफ होतं ना, मॅडम?" सोबत आलेल्या केसरबाईनं विचारलं.

"रक्तात दिसत नव्हता, बाई. गेला नव्हता." मंजुषा मॅडमनी समोरची वही पुढे ओढली. "आपल्या पेशीत अशी एक मूळ वही असते. तिच्यावरून कामाच्या चिठ्ठ्या निघतात. हा विषाणू उलटा. हा चिठ्ठी घेऊनच येतो, तिच्यावरून वहीचं पान बनवतो आणि ते पेशीच्या वहीत शिवून टाकतो. मग पेशी आपलंच काम समजून नवे विषाणू बनवत बसते. गोळी नवं पान शिवू देत नाही. पण शिवलेलं निघत नाही. काही पेशी ते घेऊन नुसत्या झोपून असतात."

केसरबाईनं वहीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे बी मातीत पडून हाय," ती म्हणाली. "वरून बांधी साफ दिसते, अन् पाणी भेटलं का उगवते."

"तसंच."

जन्मभर दुसऱ्यांना जे सांगितलं, तेच केसरबाई घरात विसरली होती.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पण बाळंतपणापर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. मुलगी झाली. विषाणू लागू नये म्हणून दिलेलं तिचं औषध केसरबाई स्वतः पाजायची, घड्याळ समोर ठेवून. रिनाच्या डोळ्याला डोळा मात्र भिडवता येत नव्हता. पोरीला काही झालं तर ते आपल्या तोंडानं झालं, या भीतीनं ती आतून पोखरून गेली होती.

सहा आठवड्यांची झाल्यावर पोरीच्या टाचेतून रक्त घेतलं. रिपोर्ट यायला आणखी काही दिवस गेले. शेवटी मंजुषा मॅडमनी वाचून दाखवला, "विषाणू आढळला नाही."

रिना पदर तोंडाला लावून रडली. केसरबाई हसली नाही. हेच शब्द तिनं एकदा ऐकले होते.

"पुढची तपासणी कधी?"

"सहाव्या महिन्यात. तशा अठराव्या महिन्यापर्यंत कराव्या लागतील."

गोळीची वेळ झाली होती. केसरबाईनं पिशवीतून डबी काढली, पाण्याची बाटली उघडली आणि दोन्ही रिनापुढे धरल्या. कितीतरी दिवसांनी तिनं रिनाकडे सरळ पाहिलं.

"सोड म्हणून मीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "आता मी पाया पडली तरी सोडू नको."