पोटॅश की नळी?

दवाखान्याच्या लॅबमध्ये औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी!

पन्नासच्या दशकात चांद्याच्या आमच्या लॅबमध्ये दोन पक्ष होते. डॉक्टरसाहेब पोटॅशवाले: चट्ट्याची खरवड काचपट्टीवर घ्यायची, पोटॅशचा थेंब टाकायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. अर्ध्या तासात निकाल! आमचे सीनियर टेक्निशियन नानाजी नळीवाले: तीच खरवड नळीतल्या गोड जेलीवर पेरायची आणि बुरशी उगवायची वाट बघायची. दोन-तीन आठवडे!

"नानाजी, तोवर पेशंट बरा होतो!"

"होऊ द्या ना साहेब! पन कायनं बिमार होता, थे तं समजन!"

*

एका पावसाळ्यात साहेब ओरडले, "आज प्रत्येकाला बुरशी निघतेय. साथ आली!"

नानाजींनी मायक्रोस्कोपची लेन्स काढून पुसली. साथ संपली.

*

मग नानाजींच्या सगळ्या नळ्यांत एकच हिरवी बुरशी उगवली. शोधलं तर कपाटात त्यांचाच विसरलेला डबा! साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'पेशंट – भाकर.'

*

धानाच्या बांधीत राबून पायाला चिखल्या झालेली माणसं सावली गावाहून यायची, आणि आमच्या विहिरीवर राखेनं पाय घासूनच आत शिरायची. पट्टीवर काय दिसणार, कपाळ?

"काऊन धुतले जी पाय?" नानाजी विचारायचे.

"मंग साहेबासमोर घान पाय घेऊन येऊ का?"

*

वैनगंगेवर मासे धरणाऱ्या एकाच्या मुलीची केस मात्र जिवाला लागली. मानेवर चट्टा, लग्न महिन्यावर, आणि कुणीतरी 'महारोग' म्हटलेलं. नवरदेवाचा बाप स्वतः सोबत आला होता. साखरपुड्यापासून पोरीच्या बापाला व्याही म्हणून 'इवाई, इवाई' करणारा हा म्हातारा आता त्याच्याशी बोलेनासा झाला होता. पोर मान खाली घालून उभी. मला तिच्याकडे बघवेना.

साहेबांनी चट्ट्यावर टाचणी टोचली. पोर कळवळली. "टोचलेलं कळतंय, म्हणजे महारोग नाही, गजकर्ण आहे!" पण पट्टी कोरी. तिनंही चट्टा घासूनपुसून आणला होता!

"दिसत नाई तं मानू कसा?" म्हातारा म्हणाला.

नानाजींनी नळी पेरली. पुढे रोज सकाळी कपाट उघडायला साहेबच पहिले! सोळाव्या दिवशी तेच ओरडले, "नानाजी, उगवलं!"

म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं नळीतला पांढरा कापूस उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हेच होतं मानेवर?"

"हेच. मलमानं जाते," नानाजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं दार लोटून घेतलं आणि धोतर वर सारलं. मांडीवर भाकरीएवढा चट्टा!

"साहेब, याची बी एक नळी लावा. पन आमच्या इवायाले नोका सांगू!"