शिप म्हणायचं, बोट नाही

निलेशच्या बॅगेवर मी जाड मार्करने त्याचं नाव लिहिलं, त्याखाली 'गोडादरा, सुरत' आणि त्याखाली मोठ्या दिमाखात 'क्रूझ पॅसेंजर'. मार्कर आमच्या कारखान्यातला, कापडाच्या ताक्यांवर नंबर टाकायचा. त्याची शाई धुतली तरी जात नाही. सुरत स्टेशनच्या फलाटावर, मुंबईची गाडी यायला दहा मिनिटं उरली असताना पोराचं तिकडे लक्ष गेलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "पप्पा, पॅसेंजर नई. क्रू. पॅसेंजर म्हणजे जे फिरायला येतात ते."

मी म्हटलं, थांब, खोडतो. खोडल्यावर तो शब्द आणखीच काळाकुट्ट होऊन लांबूनही दिसायला लागला. त्याची आई पदर ओला करून पुसायला बसली. "चालशे, मम्मी, चालशे," निलेश म्हणाला. गाडी आली, बॅग वर गेली, पोरगं वर गेलं. खिडकीतून हात बाहेर काढला त्याने, आणि मी हात धरायचा सोडून त्याला विचारलं, "क्रूचं स्पेलिंग काय रे?" ते आमचं शेवटचं बोलणं. म्हणजे फलाटावरचं.

गावी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या, सुरतेच्या उधना स्टेशनला उतरून इकडेच मुरलेल्या सगळ्यांना हे सांगतोय, कारण पोराबद्दल तुम्ही विचारता आणि मी काहीतरी भलतंच सांगून वेळ मारून नेतो. बाहेर गेलेल्या माणसाबद्दल घरी नेमका शब्द कधी पोचतच नाही, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. अमळनेरकडचं आमचं गाव मी सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पॅसेंजर गाडीने आलो, सोबत फडक्यात दादर ज्वारीच्या भाकरी. लिंबायतला एका खोलीत आम्ही अकराजण. निम्मे कामावर, निम्मे झोपलेले, पाळी बदलली की तीच गोधडी दुसऱ्याच्या अंगावर. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. मी घरी पत्र लिहिलं की मला खात्यात नोकरी लागली. गावाने समजून घेतलं की सरकारी खातं. आईने पेढे वाटले. पुढच्या दिवाळीला मी गेलो तर दोन म्हातारे रेशनकार्डाचं काम घेऊन माझ्यासमोर बसलेले. मी ते कागद खिशात घातले आणि बघतो म्हणालो. खरं सांगायचा धीर झाला नाही. खातं म्हणजे चोवीस मशीन, पायाखाली तेल, आणि असा आवाज की माणूस बाजूला उभा राहून ओरडला तर त्याचे फक्त दात दिसतात.

असा मी. आणि माझंच पोरगं जहाजावर गेलं, तर शब्द नीट वापरायचे असं मी ठरवलं.

सुरुवातीला घरात सगळा गोंधळ होता. गल्लीत कोणी म्हणे निलेश क्रूझला गेला, जणू सहलीला गेलाय. माझा जोडीदार सुकलाल आप्पा, आम्ही तीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर काढली, तो रोज विचारायचा, "पोऱ्या आज कोनता टेशनवर पोचना?" त्याच्या डोक्यात नंदुरबार, नवापूर, व्यारा अशी लाइन. मी त्याला सांगायचो, स्टेशन नाही आप्पा, पोर्ट. निलेशकडून एकेक शब्द घ्यायचा आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचा, हा माझा उद्योग झाला. क्रूझ म्हणजे सफर, जहाज नव्हे. जहाजाला शिप म्हणायचं, बोट नाही. बोट म्हणजे त्या भगव्या, कडेला टांगलेल्या, त्यांच्यात बसायची वेळ येऊ नये. मजला नाही, डेक. खोली नाही, केबिन. कामाची मुदत संपून घरी यायचं त्याला साइन ऑफ. मस्टर शब्द आला तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं हा तर आपलाच, हजेरीचं पुस्तक. निलेश हसला. "नई पप्पा. इथं मस्टर म्हणजे शिप बुडायला लागली तर कुठं उभं राहायचं त्याची प्रॅक्टिस."

त्याला दोघांच्या केबिनमध्ये खालचा बर्थ मिळाला ही बातमी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर इंग्रजीत टाकली. स्पेलिंग जन्माचं पडलं. निलेशला खालचा जन्म मिळाला असा त्याचा अर्थ झाला. सतरा जणांनी अंगठे दिले, एका भाच्याने अभिनंदन लिहिलं. चूक मला दोन दिवसांनी कळली, मग मी वेगळा मेसेज टाकून सगळ्यांना दोन्ही शब्दांतला फरक समजावला. तेव्हा निलेशची आई शेगडीपाशी बसून म्हणाली, "शिप म्हना का जहाज म्हना, पोऱ्या जेवना का नही ते इचारा."

ते मी विचारत नव्हतो असं नाही. पण त्याचं उत्तर नेहमी एकच, "हो." आणि शब्द विचारला की पोरगं दोन मिनिटं तरी बोलायचं. माझा डावा कान मशीनने खाल्लाय, उजवा अर्धा. फोनवर निम्मं कळत नाही. शब्द मात्र तो टाइप करून पाठवायचा. माझ्या हातात तेवढंच यायचं.

काम काय करतो हे मला चौथ्या महिन्यात कळलं. लॉन्ड्री. पाण्याच्या रेषेखालचा डेक, खिडकी नाही. वर तीन हजार माणसं झोपतात, पुसतात, जेवतात, त्यांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं खाली येतात. धुवायची, आणि तापलेल्या रुळांतून सरकवून इस्त्री करायची. एकदा त्याने फोन फिरवून दाखवलं. मला काही नवीन दिसलं नाही. तीच भिंत, तोच घाम, तेच कापड. मी सुरतेत कापड विणायचो, माझं पोरगं समुद्रावर कापड धुत होतं. मी गल्लीत सांगितलं, लिनन डिपार्टमेंटला आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी बहीण आणि दाजी गावाहून माहेरपणाला आले. आता आईबाप नाहीत, म्हणजे माझं घर हेच तिचं माहेर. पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, आणि दुपारी निलेशचा व्हिडिओ कॉल आला. सगळे पलंगावर दाटीने बसलो. तो क्रूच्या जेवणघरात होता, मागे माणसं ये-जा करत होती. चेहरा ओढलेला वाटला, पण माझ्या फोनवर सगळ्यांचेच चेहरे ओढलेले दिसतात. आवाज तुटत होता. बहिणीने विचारलं, "निल्या, बोटमाईन मासा दिखतस का रे?" मी लगेच म्हटलं, बोट नाही बाई, शिप. दाजींनी विचारलं, स्टेशन कोणतं आलं. मी म्हटलं, पोर्ट. सगळे हसत होते. माझ्या अंगात चेव आला होता.

तेव्हा निलेशने खूण केली.

खात्यात आवाजामुळे बोलता येत नाही, म्हणून सगळं हातांनी चालतं. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. बोटांची कात्री केली की धागा तुटला. आणि एक खूण आहे: दोन बोटं मनगटावर ठोकायची आणि तळवा खाली पाडायचा. म्हणजे, माझ्या मशीन बघ, माझ्याने उभं राहवत नाही, मी निघतो. ही खूण कोणी सहज करत नाही. चक्कर आली, पोटात कळ आली, घरून वाईट बातमी आली, तेव्हाच. आणि ती दिसली की समोरच्याने कारण विचारायचं नाही, हा रिवाज आहे. मान हलवायची आणि त्याच्या मशीनकडे जायचं. तीस वर्षांत सुकलालने मला एकदाही का विचारलं नाही, मी त्याला नाही.

निलेश लहान असताना डबा द्यायला यायचा तेव्हा या खुणा शिकला होता. त्याने दोन बोटं मनगटावर ठोकली, तळवा पाडला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी हसलो. दाजींना म्हणालो, "बघा, पोरगं अजून खात्यातल्या गमती विसरलं नाही." आणि फोनमध्ये तोंड घालून मोठ्याने सांगितलं, "दोनच महिने, बेटा. मग साइन ऑफ." अगदी बरोबर वापरला शब्द. निलेशही हसला. मग चित्र थांबलं, त्याचं तोंड अर्धं उघडं, आणि कॉल गेला.

मला कळलं नव्हतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं तसं नाही. हाताला कळलं होतं. माझी मान हलायला निघाली होती, ती मी अडवली. बहीण समोर होती, दाजी होते, गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. पोरगं अर्ध्यातून परत आलं तर त्याला कोणता शब्द वापरायचा, तो माझ्या कॅलेंडरवर नव्हता.

तीन आठवड्यांनी ज्या एजंटने त्याला पाठवलं होतं त्याच्या ऑफिसातून फोन आला. चादर रुळांत अडकली, ती ओढताना उजवा हात आत गेला. दोन बोटं काढावी लागली, उरलेली वळत नाहीत. माणूस सभ्य होता, सावकाश बोलत होता. "मेडिकल साइन ऑफ करून पाठवतोय," तो म्हणाला. आणि मी, तुम्हाला लाज वाटेल पण सांगतो, पेन उचललं आणि ते लिहून घेतलं.

तो आला तेव्हा मी उधन्याला आणायला गेलो. हात पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला. बॅग दुसऱ्याच कोणीतरी खाली उतरवून दिली. आपल्याकडे एक सवय आहे. परगावचा माणूस गावात शिरला की पाण्याआधी त्याला विचारतात, कधी आला, कधी जाणार. मला हे आयुष्यभर विचारलंय आणि मला त्याचा राग यायचा. आणि रिक्षात बसल्यावर मीच माझ्या पोराला विचारलं, "मग, किती दिवसांची सुट्टी?" रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. निलेश बाहेर बघत होता. पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा अडकली, सुटली, आणि घर आलं.

आता त्याला चार महिने झाले. निलेशची आई घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करते, तो डाव्या हाताने त्या घडी घालून तिच्यापुढे ठेवतो. घडी चांगली घालतो, कोपऱ्याला कोपरा. माझ्याशी बोलतो, तुटक बोलत नाही, विचारलं तर सांगतो. फक्त मला आता काही विचारता येत नाही.

मी गाव सोडलं त्या दिवशी माझे वडील, आबा, फाट्यापर्यंत आले होते. त्यांना सुरत ठाऊक नव्हती, लूम ठाऊक नव्हते, खातं म्हणजे काय हे ते मरेपर्यंत चुकीचंच समजले. ते एवढंच म्हणाले, "करमनं नही ते निंघी ये. कोन्हीच काही इचाराव नही." एकही शब्द बरोबर माहीत नसलेला माणूस, आणि नेमकं तेवढं सांगून गेला. त्या वाक्याच्या बळावर मी इथे पस्तीस वर्षं काढली. जाईन कधीही, असं म्हणत राहिलो आणि गेलो नाही. माझ्या पोराला मी स्टेशनवर स्पेलिंग विचारलं.

घर कुठलं, असं मला पूर्वी कोणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगायचो. मग लिंबायत सांगायला लागलो, मग गोडादरा. आता वाटतं, तू परत का आलास हे जिथे कोणी विचारत नाही ते घर. तेवढंच ते असतं, भिंती कुठल्याही असोत. आमच्या या दोन खोल्यांत ते तेव्हा नव्हतं. आता आहे की नाही, हे निलेशने ठरवायचं.

परवा दुपारी तो हात दाखवायला दवाखान्यात गेला होता. निलेशची आई साडी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सांगून टाकलं. आखाजीच्या दिवशी त्याने खूण केली होती, ती मस्करी नव्हती, मला कळलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं. तिने कात्री थांबवली नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो शाळेला लागण्याआधी कितीतरी वर्षं ती खात्यात डबा घेऊन यायची, आणि दारात उभी राहून आमचे हात बघायची.

तिने एक धागा कापला, बोटाने उडवला, आणि वर न बघता म्हणाली, "माले बी दिखनं व्हतं. तुम्ही हासनात, म्हनीसन मी बी हासनू."