हिसाएंची कुरी

वसुधा देवस्थळींनी अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आसपासच्या शेतांवर पस्तीस वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून काढली. मराठी मंडळात बाकी सगळे सॉफ्टवेअरमधले, आणि या बाई गणपतीच्या आरतीलासुद्धा कधीकधी चिखलाच्या बुटांनी यायच्या. पोरंटोरं त्यांना ‘घोडेवाल्या काकू’ म्हणत. रिटायर झाल्यावरही एक पेशंट त्यांनी सोडला नव्हता. हिसाए किकुचींची तांबूस घोडी, कुरी.

हिसाए आता चौऱ्याऐंशीच्या. लग्न होऊन जपानच्या इवाते भागातून आलेल्या. तिकडे त्यांच्या गावात घरं काटकोनात वळलेली असत. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडे, छप्पर मात्र एकच. चुलीपाशी बसलं की घोड्याचं तोंड दिसायचं. थंडीत त्यांची आई आधी घोड्यासाठी पाणी कोमट करायची, मग पोरांकडे बघायची. इथे नवऱ्याने स्ट्रॉबेरीचं शेत केलं, तेव्हा हिसाएंनी हट्टाने स्वयंपाकघराला लागूनच तबेला बांधून घेतला आणि मधल्या भिंतीला मोठी खिडकी ठेवली. त्या भांडी घासत असल्या की कुरी खुशाल मान आत घालून उभी राहायची.

मग नवरा गेला. गेल्या वर्षी हिसाए पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलाने शहरात वृद्धांच्या इमारतीत खोली बघितली आणि शेत विकायला काढलं. कुरी तेव्हा एकतीस वर्षांची होती. दात जवळजवळ सगळे गेलेले.

सप्टेंबरातल्या एका दुपारी हिसाएंनी वसुधाताईंना बोलावून घेतलं.

“शनिवारी मी जाणार,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी तू कुरीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपव. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसेन.”

वसुधाताईंनी हे काम शेकडो घोड्यांसाठी केलं होतं. पण अडलेल्या आईच्या पोटातून कुरीला ओढून काढणारे हातही त्यांचेच होते.

“अहो, ती अजून खाते आहे, चालते आहे. माझ्या ओळखीच्या एका फार्मवर म्हातारे घोडे सांभाळतात. मी रोज जाईन तिच्याकडे.”

“ती एकटी कधी राहिलेली नाही.”

“एकटी कशी? तिथे अकरा घोडे आहेत.”

“घोडे आहेत,” हिसाए म्हणाल्या, “घर नाही.”

पण डॉक्टरच्या शब्दापुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान खाली घातली.

कुरी फार्मवर गेली. वसुधाताई रोज चाळीस मिनिटं गाडी हाकत जायच्या, भिजवलेला चारा हाताने भरवायच्या. घोडी बाकीच्या घोड्यांत मिसळेना. लाकडी भिंतीकडे तोंड करून तासन् तास उभी राही. बरगड्या दिसू लागल्या.

“वसू, हे तू तिच्यासाठी करते आहेस की स्वतःसाठी?” नवऱ्याने, गिरीशने, एकदा विचारलं. त्या भडकल्या, आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

सतराव्या दिवशी नातीच्या वाढदिवसाला त्या पोर्टलंडला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच फोन आला. पहाटे कुरीच्या पोटात भयंकर कळा आल्या असाव्यात. चिखलात लोळून लोळून तिने जमीन उकरली होती. माणसं उठून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी वसुधाताई थेट हिसाएंच्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत गेल्या. हिसाए पर्सिमनचं फळ सोलत होत्या. ऐकून घेतलं, सुरी बशीत ठेवली.

“त्रास झाला तिला?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“हो. खूप.”

“जवळ कोण होतं?”

“कोणी नव्हतं.”

हिसाएंनी अर्धवट सोललेलं फळ सुरीशेजारी ठेवलं. मग, जराही आवाज न चढवता, म्हणाल्या, “तू चांगली डॉक्टर आहेस. म्हणून तर तुला सांगितलं होतं.”

वसुधाताई निघाल्या. खाली येऊन त्या गाडीत बसल्या आणि किल्ली हातात धरून ढसाढसा रडल्या.

डिसेंबरात डॉक्टरकीचं लायसन्स रिन्यू करायचे कागद आले. ते त्यांनी भरले नाहीत. हिसाएंकडे मात्र अजून दर गुरुवारी जातात. हिसाए नातीची चौकशी करतात, गुडघे कसे आहेत विचारतात. कुरीचं नाव दोघींपैकी कोणीच काढत नाही.