आधी ओळख दाखवायची नाही

ज्या नोकरीत तोंड बंद ठेवायचा पगार मिळतो, तिथे किस्से फार साचतात! मी सरकारी परिविक्षा अधिकारी. म्हणजे अठराच्या आतलं पोरगं गुन्ह्यात सापडलं, की त्याच्या घरी जायचं, बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा आणि ते रुळावर येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. मुलांची नावं सांगायला कायद्याने बंदी. तेव्हा इथली नावं खोटी, बाकी सगळं खरं!

आमच्या अधीक्षक पाटील मॅडमचा पहिला नियम : बाहेर आपला मुलगा दिसला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच हसायचं. "तुम्ही हाक मारली की लोक त्याला विचारणार, ह्या बाई कोण? मग काय सांगेल तो?"

आणि मॅडमचं एकच स्वप्न : पोरांना कंपनीत नोकरी. आमची पोरं वेल्डिंग शिकायची, सर्टिफिकेट घ्यायची आणि घरी बसायची. घरी बसलेलं पोरगं जुन्या टोळक्यात परत जायला वेळ लागत नाही. चाकणच्या एका तरी कंपनीने त्यांना घ्यावं म्हणून आम्ही गेटोगेट फिरायचो. सगळे वॉचमन ओळखायला लागले, साहेब एकही नाही!

*

घरभेटीला जाताना सरकारी गाडी आम्ही दोन गल्ल्या अलीकडे लावतो. कुठून आलो ते वस्तीत सांगायचं नाही. तळवड्याला एका मुलाच्या घरी मी आणि आमचे समुपदेशक गायकवाड सर गेलो. इस्त्रीचे कपडे, आणि "घरी कोण कोण असतं? कमावतं कोण?" अशी चौकशी. शेजारच्या मावशींनी लगेच निकाल लावला : मुलाच्या मोठ्या बहिणीला स्थळ आलंय!

त्यांनी स्वतःच्या घरून पोहे करून आणले. आईला बिचारीला खरं सांगता येईना, आणि आम्हालाही. मुकाट्याने खाल्ले.

पुढच्या महिन्यात परत गेलो, तर मावशी कमरेवर हात ठेवून गल्लीतच उभ्या. "पोहे खाऊन गेला ते गेलाच! व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, पण पोरीला किती टांगून ठेवाल?"

*

मंडळापुढे पोलिसांनी वर्दीत यायचं नसतं, मुलं बिचकतात. एक नवीन शिपाई, मिसरूड जेमतेम फुटलेलं, टी-शर्ट-जीन्स घालून आला आणि बाहेरच्या बाकावर टेकला. गायकवाड सर लगेच त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि पाठीवरून हात फिरवायला लागले.

"बाळा, घाबरू नकोस. पोलिसांनी मारलं का?"

तो गडबडला. सरांचा आवाज आणखी मऊ झाला. "आई आलीये का बरोबर?"

तो ताडकन उठला आणि त्याने सॅल्यूट ठोकला. "सर, मीच पोलीस! तुमचा मुलगा तिकडं वडापाव खातोय!"

*

याच गायकवाड सरांची स्कूटर एकदा आकुर्डीत बंद पडली. ढकलत गॅरेजला नेली, तर पाना घेऊन बसलेला आमचाच जुना मुलगा! हा पठ्ठ्या तारखेला कधी वेळेवर आला नव्हता. दर खेपेला सर ओरडायचे, "वेळेवर येत जा! किती वेळा सांगायचं?"

आता गॅरेजचा मालक शेजारी उभा. त्यामुळे सर अनोळखी, पोरगाही अनोळखी. त्याने इंजिन उघडलं, ऑइल बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, सर्व्हिसिंगला वेळेवर येत जावा! किती वेळा सांगायचं?"

"चुकलं बाबा," सर म्हणाले, आणि ऑफिसात येऊन त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

*

संतोष गाडीचोरीत सापडलेला. मंडळाने त्याला दिघीच्या वृद्धाश्रमात दर रविवारी सेवा करायचा आदेश दिला. पहिल्या रविवारी काढा प्यायल्यासारखं तोंड करून गेला. मग पंखे दुरुस्त करू लागला, आजोबांची नखं कापू लागला, कॅरममध्ये सगळ्यांना हरवू लागला.

मुदत संपली आणि शेवटच्या तारखेला म्हातारी मंडळी रिक्षा करून मंडळात हजर! पुढे एक निवृत्त सुभेदार, काठी टेकत. "साहेब, या पोराला शिक्षा फार कमी झालीये. वाढवून द्या!"

मॅजिस्ट्रेट हसू दाबत म्हणाले, "आजोबा, तसं करता येत नाही."

मागून संतोषचा आवाज आला. "ऑर्डर कशाला पाहिजे? मी येतोच की रविवारी."

त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा जो अभिमान वाटला, तो प्रमोशनलाही वाटला नव्हता.

*

मध्ये काही वर्षं गेली. परवा चाकणच्या एका कंपनीच्या एचआर साहेबांनी मला आणि गायकवाड सरांना एकदाचं आत बोलावलं. आमची सहा मुलं शिकून तयार होती. त्यांच्या आया रोज फोन करत होत्या. गायकवाड सरांनी देवाला नारळ बोलला होता.

साहेबांनी चहा पाजला, फाइल चाळली आणि परत केली. "काम चांगलं आहे मॅडम तुमचं. पण असली मुलं शॉप फ्लोअरवर? उद्या काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं. चला, दाखवतो आम्हाला कशी मुलं लागतात."

फ्लोअरवर त्यांनी एका सुपरवायझरच्या खांद्यावर हात ठेवला. "हा बघा. अख्खी शिफ्ट सांभाळतो. ह्याच्यासारखा एक तरी आहे का तुमच्याकडे?"

हेल्मेटखाली संतोष होता.

एका वाक्यात बाजी मारता आली असती! वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात गायकवाड सरांनी माझ्या पायावर पाय दिला. मी मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाचं मशीन?" संतोषने परक्या पाहुण्यांना सांगावी तशी सगळी माहिती दिली. मी "थँक्यू" म्हणाले आणि फाइल काखेत मारून गेटकडे वळले. सहा घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

"मॅडम!"

मी थांबले. त्याने हेल्मेट काढलं होतं. आजूबाजूची दोन मशिनं बंद झाली, माणसं बघायला लागली.

"ओळखलं नाही का? दिघीच्या आजोबांनी ज्याची शिक्षा वाढवून मागितली, तो मी!"

मग तो साहेबांकडे वळला. "सर, मॅडमची सगळी पोरं माझ्या शिफ्टला टाका."