टँकरवाले भाऊजी आणि हिरवा बोर्ड

भाऊजी,

तुमच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात नगरपालिकेच्या साहेबांनी तुमचं जे कौतुक केलं, त्यातलं निम्मं खोटं होतं आणि उरलेलं निम्मं ऐकताना तुम्हीही खाली बघत होतात. म्हणून लिहिते. तोंडदेखलं बोलायचं माझं वय गेलं.

तुम्ही आधी वाळूचा ट्रक चालवायचात, मग नगरपालिकेचा पाण्याचा टँकर. अवघड वळणावर तुमचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य. पुढे सरकारने हवा शुद्ध करायचं मनावर घेतलं. म्हणजे काय केलं? धुराडी तशीच, पुलाचं काम तसंच उघड्यावर. वाचनालयाच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसवलं आणि चौकात त्याचा आकडा दाखवणारा बोर्ड लावला. हवा बरी तर हिरवा, वाईट तर लाल. लाल झाला की साहेबांना वरून झापलं जायचं. साहेबांनी शक्कल लढवली. तुमचा टँकर सकाळपासून पाणी मारत वाचनालयाभोवती घिरट्या घालू लागला. तिथली धूळ बसली की बोर्ड हिरवा!

"वहिनी, आज शहर हिरवं केलं!" जेवायला बसताना तुम्ही छाती फुगवायचात.

"शहर, की वाचनालयाची भिंत?"

"तुम्ही कॉलेजात शिकलेल्या, तुम्हाला सगळ्यात खोटच दिसणार."

धाकटी, तुमची बायको, कौतुकाने वाढत राहायची. तिला दमा. डॉक्टरांनी बजावलेलं, बोर्ड हिरवा असेल तेव्हाच बाहेर पडा. गॅलरीतून हिरवा दिसला की ती पिशवी घेऊन निघायची.

त्या दुपारी ती औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना. छातीचा भाता झालेला. मी तिला धरून होते. तुम्ही टँकर थांबवून आलात, मान वर करून बोर्ड पाहिलात आणि म्हणालात, "हवा तर चांगली आहे. हिने नुसती धास्ती घेतलीय."

लोकांना फसवणारे मी पुष्कळ पाहिलेत, भाऊजी. पण ज्या आकड्याला सकाळी आपल्याच हाताने आंघोळ घातली, त्याच्यावर दुपारी आपणच भरवसा ठेवणारा माणूस दुसरा नाही पाहिला. रिक्षा मीच थांबवली.

दवाखान्यात मास्क बाजूला करून धाकटी म्हणाली, "जाऊबाई, ह्यांना ओरडू नका." मी ओरडले. व्हरांड्यात, चारचौघांसमोर.

"त्या भिंतीला एवढं पाणी पाजता, एक फेरी आपल्या गल्लीत मारा. पुलाची सगळी माती तिच्या खिडकीतून आत येते."

"वरून ऑर्डर नाही, वहिनी."

"लग्नाला आली होती का वरून ऑर्डर?"

तुम्ही हसलात, मग तोंड फिरवून डोळे पुसलेत. "सोमवारी मारतो. साहेबांना काय करायचं ते करू दे."

सोमवारी धाकटीने दोरीवरचे कपडे आत घेतले, पाणी उडेल म्हणून. कोपऱ्यावर तुमचा हॉर्न वाजला आणि टँकर सरळ वाचनालयाकडे निघून गेला. पुढचे सोमवारही तसेच गेले.

आता टँकर दुसऱ्याच्या हातात आहे आणि तोही भिंतच धुतोय. धाकटी खिडकी लावून आत बसते, जिना चढताना मध्येच टेकते. गल्लीतली फेरी राहिली ती राहिलीच.